थरथर कुणाची?

बाबा गेल्या दिवाळीपासून एकच तक्रार करत होते. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. वेग ऐंशीच्या आसपास असताना जास्त, गावात शिरलं की कमी. साधी तक्रार आहे, कुठल्याही गॅरेजमध्ये दिवसातून दोनदा ऐकू येणारी. आमच्या घरात मात्र तिचं प्रकरण झालं, कारण बाबांचे हातही थरथरतात.

फार नाही. चहाचा कप बशीवर ठेवताना किणकिण होते, सुईत दोरा ओवता येत नाही. वय ६६. त्याआधी ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर. या माणसाला ‘तुमचे हात थरथरतात म्हणून तुम्हाला स्टिअरिंग थरथरल्यासारखं वाटतं’ हे तोंडावर कोण सांगणार? दादानं सांगितलं. ओरडून नाही, नीट बसून, काळजीनं सांगितलं. त्यामुळे ते जास्त लागलं.

दादाचं म्हणणं हवेत नव्हतं. जानेवारीत त्यानंच गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली होती. तिथे ‘डिस्क वाकल्यात’ असं निदान झालं. पुढच्या दोन्ही डिस्क नव्या, पॅड नवे, चाकांचं बॅलन्सिंग. बिल जवळपास दहा हजार. गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. मग एप्रिलमध्ये, चारेक हजार किलोमीटर झाल्यावर, बाबा पुन्हा म्हणाले, ‘हाताला लागतंय.’ पुन्हा वर्कशॉप. तिथल्या सल्लागारानं गावातल्या गावात चाळीसच्या वेगानं चक्कर मारली आणि काही जाणवत नाही म्हणून सांगितलं. दादानं वजाबाकी केली. डिस्क नव्या, पॅड नवे, बॅलन्सिंग झालेलं. उरले हात.

आणि मग गाडी विकायचा विषय निघाला.

बाबांसाठी ही गाडी म्हणजे आत्याकडे जाणं. आत्या पोलादपूरजवळच्या आमच्या मूळ गावी एकटी राहते. साताऱ्याहून मेढामार्गे महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाट उतरून खाली. दर पंधरा दिवसांनी बाबा जातात, तिची औषधं पोचवतात, तांदळाचं पोतं घेऊन येतात. एसटी आहेच, पण आत्याच्या घरापासून स्टँड लांब आणि आईचे गुडघे दुखतात. किल्ली काढून घेतली असती, तर ते जाणंच बंद झालं असतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी ते बोलून दाखवत नव्हतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आमच्याकडे कुणी बग सांगितला की पहिला प्रश्न ‘खरं का?’ हा नसतो. ‘कधी होतं, कधी होत नाही?’ हा असतो. मे महिन्यात सुट्टी काढून घरी गेले, तेव्हा एवढंच ठरवलं होतं.

रविवारी सकाळी सहाला रहिमतपूर रस्त्यावर गाडी काढली. मी चालवत होते, बाबा शेजारी. सरळ रिकामा पट्टा बघून नव्वदपर्यंत गेले आणि ब्रेकला हात... पाय न लावता गाडी तशीच सोडली. काही नाही. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं असेल, तर ब्रेकशिवायही थरथर येते, आणि ती ठरावीक वेगाच्या पट्ट्यात येते. इथे स्टिअरिंग शांत होतं. मग ऐंशीवरून हळूच, सलग ब्रेक दाबला. स्टिअरिंग डावी-उजवीकडे बारीक झटके द्यायला लागलं. माझ्या हातात. बाबांचे हात तेव्हा मांडीवर होते.

ते काही बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले.

कुठे थरथरतं यावरून अर्धं काम होतं. स्टिअरिंग हलत असेल, तर संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि गाडीचा तळ हलत असेल, तर मागच्या. पॅडल पायाखाली वर-खाली होत असेल, तर पुढचं-मागचं काहीही असू शकतं. आमच्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, आणि ओढायचा हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर चालतो. त्यामुळे आणखी एक चाचणी फुकट मिळते. पन्नासच्या वेगात, कोरड्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना, हँडब्रेकचं बटण दाबून धरायचं आणि दांडा अगदी अलगद ओढायचा. थरथर आली तर ड्रम गोल राहिलेला नाही. आली नाही तर मागचं प्रकरण मिटलं. (बटण सोडायचं नाही. मागची चाकं जाम झाली तर गाडी फिरते. घाटात किंवा ओल्या रस्त्यावर हा उद्योग करूच नये.) आमचं मागचं प्रकरण मिटलं.

एबीएसही मी डोक्यातून काढून टाकलं. जोरात ब्रेक मारल्यावर किंवा खडीवर पाय दिल्यावर पॅडल जे ‘घर्रर्र’ करतं, ते एबीएसचं काम असतं, बिघाड नसतो. आम्ही हळूच ब्रेक दाबत होतो. तेव्हा एबीएस जागं होत नाही.

आता प्रश्न दादाचा होता. मी ‘मलाही जाणवलं’ म्हटलं असतं, तर त्यानं मला बाबांच्या पार्टीत टाकलं असतं. म्हणून फोन. ‘फायफॉक्स’ नावाचं एक मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं, भौतिकशास्त्राचे प्रयोग फोनवर करता यावेत म्हणून. फोनमधला जो सेन्सर स्क्रीन आडवी-उभी करतो, तोच धक्के मोजतो, आणि हे ॲप त्याचा आलेख काढून देतं. गिअरच्या पुढच्या कडक प्लास्टिकला दुहेरी टेपनं फोन घट्ट चिकटवला आणि पुन्हा ऐंशीवरून ब्रेक.

आलेखावर शिखरं आली. मोजली. ऐंशीच्या आसपास सेकंदाला साधारण १२, पन्नासच्या आसपास ७ ते ८.

हे आकडे कुठून येतात, ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. आमच्या टायरवर १७५/६५ आर १४ आहे. म्हणजे टायर १७५ मिमी रुंद, त्याची भिंत रुंदीच्या ६५ टक्के उंच आणि आतली रिम १४ इंची. हिशेब केला की चाकाचा व्यास ५८ सेंटीमीटर आणि एका फेरीत गाडी सुमारे १.८३ मीटर पुढे जाते. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाकाच्या १२ फेऱ्या. पन्नासला साडेसात. चाकाच्या दर फेरीला एक झटका बसत होता. माणसाचा हात थरथरतो तेव्हा तो आपल्या लयीत थरथरतो, गाडीचा वेग बघून लय बदलत नाही.

आलेख दादाला पाठवला. त्यानं दोन तासांनी ‘ओके’ लिहिलं. थोड्या वेळानं, ‘मग नव्या डिस्क पण वाकल्या का?’

खरा प्रश्न हाच होता.

‘डिस्क वाकली’ हे आपल्याकडचं सरसकट निदान आहे. थरथर म्हटली की डिस्क वाकली, बदला. कॅरल स्मिथ या अमेरिकन रेसिंग इंजिनिअरनं यावर सविस्तर लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं की वाकलेली म्हणून आणलेली डिस्क तपासली की बहुतेक वेळा ती वाकलेली नसतेच. पॅडचा माल तिच्यावर कुठे जाड, कुठे पातळ बसलेला असतो. तापलेले ब्रेक घेऊन सिग्नलला थांबायचं आणि पॅडल दाबूनच ठेवायचं, की पॅडचा ठसा डिस्कवर उठतो. त्या जागा पुढे जास्त तापतात आणि तिथल्या बिडाचा पोतच बदलून तो कडक होतो. मग नुसतं वरून घासून भागत नाही, डाग पुन्हा वर येतात.

दुसरा रस्ता याहून छुपा आहे. डिस्कची जाडी सगळीकडे एकसारखी राहत नाही. आणि फरक किती लागतो? ०.०१ ते ०.०२ मिमी. झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिमी जाड असतो. त्याच्या पाचव्या-दहाव्या भागाएवढा फरक पडला, तरी हाताला कळतो. जाड जागा पॅडच्या मध्ये आली की पॅड मागे ढकलले जातात, पातळ जागा आली की पुढे सरकतात. ब्रेकचा जोर दर फेरीला कमी-जास्त होतो आणि तो टाय रॉडमधून स्टिअरिंगला पोचतो. खालच्या आर्मचे बुश झिजलेले असतील, तर हाच झटका मोठा होऊन येतो. त्यामुळे कधी कधी लोक बुश बदलतात, थरथर कमी होते आणि रोग गेला असं वाटतं.

पण आमची डिस्क नवी होती. ती पातळ-जाड कशानं झाली? आणि लगेच का नाही, चार हजार किलोमीटरनंतर का?

उत्तर बाबांनी दिलं. मी इंटरनेटवर वाचत बसले होते आणि ते ओट्यावर शेंगा निवडत होते. म्हणाले, ‘अगं, बसवताना हब घासला असंल का त्यांनी?’

डिस्क चाकाच्या हबवर चपखल बसते. हबच्या तोंडावर गंजाचा एखादा पापुद्रा राहिला आणि त्यावर नवी कोरी डिस्क ठेवून नट आवळले, तर डिस्क किंचित तिरकी बसते. हबजवळ ०.०५ मिमीचा पापुद्रा असेल, तर डिस्कच्या कडेला त्याच्या जवळपास दुप्पट फरक पडतो. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही, कारण डिस्कची जाडी सारखीच असते, कॅलिपर तिच्याबरोबर डुलतो आणि ब्रेक मऊ लागतो. पण पाय ब्रेकवर नसताना, नुसती गाडी पळत असताना, डिस्कची बाहेर आलेली जागा दर फेरीला बाहेरच्या पॅडला घासून जाते, आणि तिच्या बरोबर समोरची जागा आतल्या पॅडला. लाखो फेऱ्या. हजारो किलोमीटर. त्या जागा झिजून पातळ होतात. मग एक दिवस स्टिअरिंग हलायला लागतं आणि सगळे म्हणतात, नव्या डिस्कसुद्धा खराब निघाल्या. थरथर जाऊन काही महिन्यांनी परत आली, हीच या दुखण्याची खूण.

बाबांचे डेपोतले एक जुने सहकारी निवृत्तीनंतर एमआयडीसीत लेथ चालवतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे गाडी नेली. स्टँडवर चढवली, पुढचं डावं चाक काढलं. डिस्क हबवर दाबून राहावी म्हणून नट वॉशर घालून परत आवळले. आधी चाकाच्या बेअरिंगमध्ये ढिलाई नाही ना ते हलवून बघितलं, कारण ती असेल तर पुढचं सगळं मोजमाप खोटं ठरतं. मग मॅग्नेटच्या स्टँडवर डायल गेज, त्याचं टोक डिस्कच्या कडेपासून सेंटीमीटरभर आत. काकांनी हातानं हळूहळू डिस्क फिरवली. काटा एका बाजूला गेला, परत आला. ०.१२. बऱ्याच छोट्या गाड्यांना यात ०.०५ ते ०.१ मिमीपर्यंतच सूट असते.

‘आउट आहे,’ काका म्हणाले. बाबांनी मान हलवली. दोघांच्याही चेहऱ्यावर कसलाच आनंद नव्हता. रोज असली कामं केलेल्या माणसांचे चेहरे होते ते.

खडूनं डिस्कची आणि हबची जागा खुणावून डिस्क उतरवली. हबच्या तोंडावर, दोन बोल्टच्या मध्ये, नखाएवढा तपकिरी पापुद्रा. डिस्कच्या आतल्या बाजूला त्याचाच छाप. मायक्रोमीटरनं डिस्कची जाडी आठ ठिकाणी घेतली. सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ जागेत ०.०२ मिमी फरक. उजव्या बाजूलाही गंज होता, पण डायल ०.०६ दाखवत होती. उजव्या कॅलिपरची एक सरकती पिन मात्र ग्रीस सुकून जड झाली होती. ती साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं. अशी पिन अडकली की पॅड डिस्कला सोडत नाही आणि तेच दुखणं दुसऱ्या वाटेनं येतं.

पुढचं काम कंटाळवाणं आणि स्वस्त होतं. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर. हबचं तोंड चकचकीत होईपर्यंत, बोल्टच्या मुळाशी विशेष. डिस्क परत ठेवून मोजलं तर ०.०३. एवढ्यानं थरथर गेली नसती, कारण जाडीतला फरक तसाच होता. म्हणून दोन्ही डिस्कचे फेस लेथवर मारून घेतले, अगदी हलका हात. जाडी १९.६ मिमी राहिली. डिस्कच्या कडेवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, आमच्यावर १८ आहे. त्याच्या खाली गेलेली किंवा जवळ आलेली डिस्क घासायची नाही, बदलायची.

नट आवळताना बाबांनी गन वापरू दिली नाही. समोरासमोरचे नट आळीपाळीनं, दोन हप्त्यांत, टॉर्क पान्यानं. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. एक नट जास्त आणि एक कमी आवळला, तरी डिस्क ताणली जाते. पंक्चरवाल्याकडून चाक बसवून आल्यावर थरथर सुरू झाली, असं कुणी सांगितलं तर आधी नट बघावेत. खर्च झाला अकराशे रुपये, त्यात काकांनी जबरदस्तीनं पाजलेला चहा धरलेला नाही.

बाबा घाटाचा विषय निघाला की एकच नियम सांगतात. ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. मी गंमत म्हणून हिशेब केला. महाबळेश्वराहून पोलादपूरपर्यंत हजार मीटरहून जास्त उतार आहे. माणसं आणि तांदूळ धरून गाडी १,२०० किलोची. हजार मीटर उतरताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात ३५ लिटर पाणी माठातल्या गारव्यापासून उकळीपर्यंत जाईल. किंवा असं म्हणू, ऐंशीवरून चाळीस वेळा गाडी थांबवण्याइतकी. त्यातली बरीचशी इंजिन आणि हवा घेऊ शकते, दुसऱ्या गिअरला ठेवलं तर. न्यूट्रलमध्ये उतरणारे पेट्रोलचे चार पैसे वाचतील असं समजतात आणि ही सगळी उष्णता चार चाकांतल्या लोखंडात भरतात. ब्रेक ऑइल जुनं असेल, तर आणखी वाईट. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शिरलेलं १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतं. उकळलं की पॅडल मऊ होऊन खाली जातं. थरथर त्रास देते, मऊ पॅडल जीव घेऊ शकतं. पॅडल मऊ लागलं किंवा ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली गेली, तर हे असले प्रयोग न करता गाडी तिथेच थांबवावी.

लेथवरून आलेल्या डिस्कला पॅड बसवावे लागतात. रहिमतपूर रस्त्यावरच साठवरून पंधरापर्यंत दहा वेळा, पूर्ण न थांबता, मध्ये अर्धा मिनिट हवा लागू देत. या वेळी बाबा चालवत होते. नंतर ऐंशीवरून ब्रेक. फोन चिकटवलेलाच होता. आलेखावर बारीक गवतासारखी रेघ, शिखर नाही.

दादा पुढच्या शनिवारी आला, स्वतः गाडी घेऊन गेला, परत आला आणि किल्ली फळीवर ठेवली. जेवताना म्हणाला, ‘गाडी ठीक आहे. पण हात तर थरथरतातच ना?’

थरथरतात. बाबा आणि मी जूनमध्ये मेंदूविकार-तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी जे केलं ते मला ओळखीचं वाटलं. हात मांडीवर ठेवा. आता समोर धरा. या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओता. कागदावर गोगलगाईसारखी वेटोळी काढा. कधी होतं, कधी होत नाही. पार्किन्सनचा कंप बहुधा हात स्वस्थ असताना दिसतो आणि कामाला लागला की कमी होतो. बाबांचं उलट होतं. मांडीवर हात शांत, पेला उचलला की थरथर. याला इसेन्शिअल ट्रेमर म्हणतात. डॉक्टरांनी चालण्याची ढब, प्रतिक्रियेचा वेग, डोळे सगळं पाहिलं. सध्या गाडी चालवायला हरकत नाही, रात्रीची टाळा, दर वर्षी तपासून घ्या, आणि कप पकडायला अडचण व्हायला लागली तर औषध सुरू करू, असं म्हणाले. बाबांनी विचारलं, ‘आणि गाडी कधी सोडायची?’ डॉक्टर म्हणाले, ते आपण मिळून ठरवू, पण दरवेळी तपासूनच. दादाला हे मी शब्द न बदलता सांगितलं. त्याचं पूर्ण समाधान झालेलं नाही. व्हायलाच हवं असं मलाही वाटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी आहेच.

पावसाची एक उघडीप बघून आम्ही आत्याकडे गेलो. प्रतापगडाचा फाटा मागे टाकल्यावर धुकं होतं, रस्त्यावर माती आलेली. बाबा दुसऱ्या गिअरमध्ये. मागची एक गाडी सारखा हॉर्न देत होती. बाबांनी जागा बघून तिला पुढे जाऊ दिलं आणि तिचे ब्रेकलाइट धुक्यात दिसेनासे होईपर्यंत काही बोलले नाहीत. पोलादपुरात चहाला थांबलो, तेव्हा ते उतरून आधी पुढच्या डाव्या चाकापाशी गेले. रिमला न टेकवता तळहात जवळ धरला, मग उजव्या चाकाजवळ. एक बाजू जास्त गरम असली, तर तिकडचा पॅड धरून राहतोय.

‘दोन्ही सारखे,’ म्हणाले.

मग खिशातून डायरी काढून किलोमीटर लिहिले, आणि त्याखाली, थोड्या वाकड्यातिकड्या अक्षरात, ५,००० पुढचा आकडा: काकांकडे डायल लावणे.